पायाळूचं मशीन

औशात टाच दुखायला लागली की माणूस आधी दवाखान्यात जात नाही, चहाच्या टपरीवर जातो. तिथं निदान फुकट होतं आणि ते ठरलेलं असतं : "हाड वाढलंय." एक्स-रेत टाचेखाली हाडाचं टोक दिसतंही, पण तसलंच टोक घेऊन कित्येक माणसं आयुष्यभर मजेत चालतात. खरं दुखणं बहुतेक वेळा तळपायाच्या जाड पडद्याचं असतं. या दुखण्याचा स्वभाव मोठा लबाड. सकाळी पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकावी लागतात आणि दूधवाला येईपर्यंत माणूस चांगला चालायला लागतो. मग घरातलं कुणी विश्वास ठेवत नाही.

तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर माझीही टाच या वाटेनं गेली. घरात उपाय रांगेनं हजर झाले. तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच दाबायची, हा पहिला. बिब्ब्याचा चटका, हा दुसरा; तो मी नाकारला, कारण बिब्बा उतला की टाच बरी होते, पण मग पायाकडं बघवत नाही. तिसरा उपाय आत्याचा. आत्या पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. कमरेत उसण भरली की आमच्याकडं पायाळू माणसाची लाथ घ्यायची पद्धत आहे. त्यामुळं पंचक्रोशीतली तालेवार माणसंसुद्धा आत्यापुढं पाठ करून उभी राहिलेली मी लहानपणी पाहिली आहेत. "कमरेला चालतं तर टाचेला का चालू नये?" हा तिचा सवाल. टाचेला लाथ मारायची कशी, या तांत्रिक अडचणीवर बोलणं अडलं.

शेवटी लातूर गाठलं. औसा रोड नावाचा रस्ता औशात नाही, लातुरात आहे. आम्हा औसेकरांना तो मुख्यतः दुखणी वाहून न्यायला उपयोगी पडतो. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी टाच दाबली, मी ओरडलो, निदान झालं. म्हणाल्या, "सर, आपण शॉकवेव्ह देऊ."

घरी हे सांगितलं तर बायकोनं पहिल्यांदा रबरी चपला काढून दिल्या. शॉक म्हणजे करंट, हा सर्वसाधारण समज. करंटचा इथं काही संबंध नसतो, असं मी समजावत होतो, तेवढ्यात अण्णा, माझे थोरले चुलते, बोलले, "धक्का का? त्र्याण्णवला घेतलाय की एक. तो फुकट होता. आता पैसे देऊन कशापायी?" किल्लारी आमच्याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर अण्णा कित्येक दिवस तिथं दगड उपसत होते. असला विनोद करायचा हक्क त्यांचा. आम्ही नुसतं खाली बघून हसायचं.

या उपचाराचा जन्म मुतखड्यापासून. डॉर्निए ही तेव्हा विमानं बनवणारी जर्मन कंपनी. तिच्या तंत्रज्ञांच्या मदतीनं म्युनिकच्या डॉक्टरांनी 7 फेब्रुवारी 1980 रोजी पहिल्यांदा एका माणसाचा मुतखडा चिरफाड न करता, बाहेरून धक्के देऊन फोडला. त्यासाठी रोग्याला पाण्याच्या टबात बसवावं लागे. हे वाचून मला लातूर आठवलं. 2016 साली आमच्याकडं प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं. तो उपचार तेव्हा लातुरात असता तर खडा रोग्यापाशीच राहिला असता. पुढं प्रयोगांत दिसलं, की या धक्क्यांनी हाड फुटत तर नाहीच, उलट भरून यायला मदत होते. मग मंडळी खड्यावरून सांध्यांकडं आणि स्नायूबंधांकडं वळली : टाच, खांदा, कोपर. सचिन तेंडुलकरच्या कोपरानं 2004 साली अख्ख्या देशाला टेनिस एल्बो हा शब्द शिकवला, तेच कोपर.

ताईंचं मशीन मात्र टबवाल्या घराण्यातलं नव्हतं. त्यात हवेचा दाब असतो. हातात धरायच्या दांड्यात धातूचा एक लहानसा तुकडा त्या दाबानं सुसाट पुढं येऊन टोकावर आपटतो, आणि ती ठोकर कातडीतून आत जाते. सेकंदाला दहा-पंधरा, एका बैठकीत साधारण 2000. आठवड्याला एक याप्रमाणं तीन ते पाच बैठका. भौतिकशास्त्राचे कडक मास्तर याला खरी शॉकवेव्ह मानतच नाहीत, नुसती दाबाची लहर म्हणतात. माझ्या टाचेला हा बारकावा जाणवला नाही.

हे चालतं कसं? जुनं दुखणं म्हणजे तहसीलमध्ये पडून राहिलेली फाईल. शरीरानं ती कधीच बाजूला टाकलेली असते. ठोकर बसली की आतले सगळे दचकून उठतात, जखम ताजी समजून तिथं रक्त धाडतात आणि काम नव्यानं सुरू होतं. काही नसाही बधिर होतात. नेमका वाटा कशाचा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे, आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. घोड्यांनाही हा उपचार देतात. पण दिल्यावर काही दिवस त्यांना शर्यतीत उतरू देत नाहीत, कारण दुखणं लपतं आणि घोडा जखमी पायावर पळतो. माळेगावच्या यात्रेत घोडा घेणाऱ्यांनी एवढं विचारून घ्यावं.

सुरुवातीला ताईंनी रीतसर चौकशी केली : रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठं गाठ आहे का? बायकांना गरोदरपणाचंही विचारतात. आत्यानं एवढ्या वर्षांत कुणाला काही विचारलं नव्हतं. ती फक्त "सरळ हुबा ऱ्हा" म्हणायची.

मग टाचेला जेल लावलं आणि ठोके सुरू झाले. पहिल्या शंभरात मी सगळे देव आठवले, पाचशेच्या पुढं टाच बधिरली, आणि हजाराच्या आसपास लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर चालत नव्हता. मी अर्धा बरा होऊन पालथा पडून राहिलो.

"सर, आता दहापैकी किती दुखतंय?" ताईंनी विचारलं.

लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात मास्तरला हा प्रश्न साधा नसतो. इथं पोरांचा एक मार्क वाढावा म्हणून घरंच्या घरं भाड्यानं राहायला येतात, आणि या ताईंना मार्क कमी व्हायला हवे होते. मी विचार करून "साडेसहा" म्हणालो.

"अर्धा मार्क नसतो, सर. सहा की सात?"

मी पुनर्तपासणीची मागणी करणार, एवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या शेतकरी मामांची पाळी आली. खांदा धरलेला, तुरीच्या काढणीतून थेट आलेले.

"मामा, दहापैकी किती?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, ताईंकडं बघितलं. "बाई, पास व्हायला किती लागत्यात? तेवढे लिवा."

पस्तीस टक्क्यांनी ते साडेतीन होतात. ताई पेन धरून थांबल्या.