काटेकर

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे. काटेकर हे आम्ही ठेवलेलं. ट्रेकच्या आदल्या रात्री तो वहिनींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवतो आणि सॅकमधली एकेक वस्तू त्यावर ठेवून वहीत नोंद करतो. मोजे ४२ ग्रॅम. टूथब्रश १४ ग्रॅम. दांडा कापल्यावर ८. स्वतःचं पोट त्याने अजून वहीत घेतलेलं नाही.

टॉवेल हा त्याचा खास प्रांत. ‘‘घरचा टर्किश टॉवेल अर्ध्या किलोचा, भिजला की दीड किलोचा. सॅकमध्ये कोंबलास तर घरी पोचेपर्यंत कुबट. म्हणजे तू किलोभर पाणी पाठीवर घेऊन गड उतरतोस, तेही वास मारणारं.’’ बरोबर आहे. त्याचा त्रास हाच आहे की तो बरोबर असतो. त्याच्याकडे मायक्रोफायबरचा टॉवेल आहे, घडी केली की साबणाच्या वडीएवढा, १३० ग्रॅम. पण त्याने अंग पुसायचं नसतं, टिपायचं असतं. पुसायला गेलं तर तो पाणी फक्त अंगभर फिरवून आणतो. आंघोळीनंतर ओढ्याकाठी काटेकर स्वतःला इंच-इंच टिपत उभा राहिला की एखादी जुनी दौत सांडल्यासारखं वाटतं.

माझ्याकडे आजोबांचा पंचा. चढताना डोक्याला, दुपारी चुलीवरचं पातेलं उतरवायला, एकदा चहा गाळायला (धुऊन घेतला होता, बहुतेक). ओला सॅकवर टाकला की पुढच्या टेपाडापर्यंत सुकतो. काटेकरच्या मते हे सगळं ‘अशास्त्रीय’.

झोपण्याच्या बाबतीत तो आणखी कडक. माझी सोलापुरी चादर पाहून म्हणाला, ‘‘गडावर चाललायस की लेकीला आंदण घेऊन?’’ मग स्लीपिंग बॅगवर प्रवचन. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात. एकात माणूस सुखाने झोपतो, दुसऱ्यात मुटकुळं करून कशीबशी रात्र काढतो, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो दुसरा. शिवाय हिमालयातली बॅग सह्याद्रीत आणली की मध्यरात्री माणूस वाफवलेल्या मोदकासारखा बाहेर येतो. म्हणून त्याची बॅग पातळ, आणि आत वहिनींच्या जुन्या सुती साडीची शिवलेली खोळ. खोळ धुतली की झालं, बॅग वर्षभर धुवायला नको. ही युक्ती मी चोरली आहे. श्रेय मात्र वहिनींना देतो, कारण शिवली त्यांनी.

त्याचं पालुपद एकच: ‘‘थंडी वरून येत नाही, खालून येते.’’ अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही, मग फरशी रात्रभर ऊब ओढून घेते. म्हणून पांघरुणावर खर्च करण्याआधी अंथरुणावर करा. आम्ही सगळे फोमची निळी कॅरीमॅट नेतो. स्वस्त, पण गुंडाळी सॅकला बाहेरून बांधावी लागते आणि ती प्रत्येक झुडपाशी ओळख काढत जाते. काटेकरने हवेची मॅट घेतली. मुठीएवढी. ती फुगवेपर्यंत तो स्वतः वांग्याच्या रंगाचा होतो.

डिसेंबरात राजगडला गेलो होतो. गुंजवण्यातून चोर दरवाजाने वर, मुक्काम पद्मावतीच्या देवळात. मॅट नीट आत अंथरली असती तर काही झालं नसतं, पण चांदणं बघायचं म्हणून त्याने ती आधी माचीवर नेली. रात्री दोनच्या सुमाराला अंधारात ‘स्सऽऽ’ आवाज आला. साप, साप म्हणून सगळे उठले, पाच बॅटऱ्या पेटल्या. साप नव्हता. अख्खा काटेकर सावकाश जमिनीला टेकत होता. काटेकरला काटाच नडला.

‘‘ठीक आहे, झोपा तुम्ही,’’ म्हणाला. तीन वाजता कानाशी कुजबूज.

‘‘जागा आहेस का रे?’’

‘‘खालून येतेय का?’’

उत्तर न देता तो माझ्या कॅरीमॅटवर सरकला. सोलापुरी चादरीचं एक टोकही त्याने ओढून घेतलं. नंतर माझ्याकडे टोकच उरलं.

सकाळी टाक्यावर तोंड धुऊन आलो तर हा माझा ओला पंचा हुकाच्या छोट्या काट्याला लटकवून उभा. हा काटा तो खिशात घेऊन फिरतो. त्याचं वजन वहीत नाही. ‘‘एकशेवीस,’’ तो पुटपुटला. मग पंचा पिळला. थोडं पाणी गळलं. पुन्हा लटकवला. ‘‘पंच्याण्णव.’’ वही काढली, पण लिहिलं काही नाही.

गड उतरेपर्यंत तो गप्प होता. खाली मावशींकडे ताक पिताना हळूच म्हणाला, ‘‘कुठून घेतलास?’’

‘‘आजोबांचा आहे.’’

‘‘म्हणजे मॉडेल बंद झालं असणार,’’ काटेकर म्हणाला आणि त्याने दुसरा ग्लास मागवला.