ट्रॉलीबाईंना अनावृत पत्र

सुपरमार्केटनिवासिनी ट्रॉलीबाई, मुक्काम हेब्बाळ, बेंगळुरू, यांच्या सेवेशी त्याच परिसरातील पगारदार गृहस्थवर्गाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, पंधरा तारखेच्या आतच पगाराची जी अवस्था होते तिचा दोष आजवर गिऱ्हाइकाच्या चंचल मनाला दिला जात असून, बाईंच्या कर्तृत्वाची मात्र कोणी वास्तपुस्त केलेली नाही. या अन्यायाचे परिमार्जन करणे हाच प्रस्तुत पत्राचा हेतू आहे.

बाईंचा जन्म 1937 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत झाला. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, हे सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या ध्यानात आले, आणि घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन त्याने चाकांच्या सांगाड्यावर दोन टोपल्या बसवल्या. प्रारंभी बाईंना कोणी हात लावीना, कारण पुरुषांना त्यात आपल्या बळाचा अपमान दिसला आणि तरुणींना बाबागाडी आठवली. तेव्हा गोल्डमनने पगारी माणसे गिऱ्हाइकांच्या वेषात दुकानभर गाड्या ढकलत फिरवली. दुखरा हात हा खर्चावरचा सर्वांत जुना आणि विनामूल्य पहारेकरी होता. त्याला बाईंनी कायमची सुटी दिली. मनाचा निग्रह वगैरे गोष्टी पुढच्या आहेत, आधी हाताचे दुखणे गेले.

त्यापूर्वी, 1916 साली, मेम्फिस येथील पिगली विगली या दुकानाने स्वयंसेवेची, म्हणजे गिऱ्हाइकाने माल स्वतः फळीवरून उचलण्याची, पद्धत आणून दुकानदारालाही वाटेतून दूर केले होते. वाण्याच्या दुकानात यादी वाचून दाखवावी लागे, वाणी एकेक पुडी बांधून समोर ठेवी, आणि यादीबाहेरची वस्तू हवी असल्यास ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत तोंडाने मागावी लागे. या मागण्यातला संकोचच पुष्कळदा घरखर्च सांभाळी. बाईंपुढे संकोच करण्याचे कोणालाही कारण नाही, कारण त्या काहीही विचारीत नाहीत.

आयत्या वेळी सुचलेल्या अशा खरेदीस शास्त्रात ‘ऊर्मी-खरेदी’ म्हणता येईल. हॉकिन्स स्टर्न या अभ्यासकाने 1962 साली तिचे चार प्रकार पाडले: निव्वळ लहर, वस्तू दिसताच घरातला डबा रिकामा असल्याचे आठवणे, पूर्वी कधी न पाहिलेल्या वस्तूची गरज तिथल्या तिथे पटणे, आणि ‘स्वस्त मिळेल ते घेऊ’ असे ठरवूनच घराबाहेर पडणे. चौथा प्रकार विशेष चिंतनीय आहे, कारण त्यात गृहस्थ स्वतःला काटकसरी समजत असतो. बाईंच्या साह्यास संगीतही असते: संथ लयीचे संगीत लावल्यास गिऱ्हाइके सावकाश चालतात आणि विक्री सुमारे 38 टक्क्यांनी वाढते, असे रोनाल्ड मिलिमन याला 1982 साली प्रसिद्ध केलेल्या सुपरमार्केटातील प्रयोगात आढळले. पुढे 2001 साली प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी दाखवले की रोख देण्याऐवजी कार्डाने देण्याची मुभा असली, तर माणूस सामन्याच्या त्याच तिकिटासाठी दुपटीपर्यंत बोली लावतो. आता फोनने क्यूआर कोडचा चौकोन टिपला की काम भागते. नोट मोडताना तुटणारा जीवही आता तुटत नाही.

आता हेब्बाळविषयी. या गावाचा जुना लेख म्हणजे सुमारे इ.स. 750 मधील, हल्ल्याला तोंड देताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा शिलालेख होय. हल्ली हल्ला येत नाही. गावच गाड्या काढून हल्ल्याकडे जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये बळ्ळारी रस्त्यावर, हेब्बाळच्या उड्डाणपुलाच्या उत्तरेस, फिनिक्स मॉल ऑफ एशिया उघडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोलीस आयुक्तांनी वाहतूककोंडीचे कारण देऊन 31 डिसेंबर ते 15 जानेवारी या काळात तेथे लोकांच्या प्रवेशास मनाई करणारा आदेश काढला. प्रकरण लगोलग उच्च न्यायालयात गेले. गृहस्थवर्गाच्या खिशाचे रक्षण करण्यासाठी शासनाने उचललेले हे बहुधा एकमेव पाऊल असावे, तेही खिशाचा विचार मनात नसताना. वास्तविक मॉलमध्ये न जाताही नंदिनी ब्रँडचे दूध कोपऱ्यावरच्या बूथवर मिळते, आणि हॉपकॉम्स या बागायतदारांच्या सहकारी संस्थेच्या टपरीवर भाजी तोलून मिळते. तिथे बाईंना शिरायला जागाच नाही, ही त्या टपऱ्यांची मोठी आर्थिक कामगिरी होय, जरी तिचा उल्लेख कोणत्याही अहवालात होत नसला तरी.

तरी बाईंना विनंती की, दुधाच्या एका पिशवीसाठी आलेल्या गृहस्थास पाहून त्यांनी आपली चारही चाके तत्काळ जाम करावीत. एक चाक अडखळण्याची कला त्यांना अवगत आहेच. उरलेल्या तिघांस ती शिकवावी. हे न जमल्यास दारातल्या रांगेत पहिली जागा हातात धरायच्या टोपल्यांना द्यावी. त्या सध्या सुरक्षारक्षकाच्या खुर्चीमागे एकात एक अडकून पडलेल्या असतात आणि ओढून काढायला दोन माणसे लागतात.

कळावे, लोभ असावा, पण बेतानेच.

हेब्बाळचा पगारदार गृहस्थवर्ग

ता. क. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीमुळे एकूण किमतीबरोबर ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमतही पाकिटावर छापावी लागते, आणि ती वाचली असता ‘फॅमिली पॅक’ दर वेळी स्वस्त पडतोच असे नाही हे कळते. मात्र ते अक्षर इतके बारीक असते की बाईंच्या दांड्याला एक भिंग साखळीने बांधून द्यावे, अशी जोडविनंती आहे.