माजी आणि भावी

आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतो : 'माजी नगरसेवक, भावी आमदार'. माजी झाले, भावी होणार, पण आज हे साहेब नेमकं करतात काय, ते फ्लेक्सवर कुठेच नसतं. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये या मधल्या काळाची सोय टीव्हीवाल्यांनी लावून दिली आहे. माजी खेळाडू आणि भावी मॅनेजर स्टुडिओत खुर्ची टाकून बसतो, आणि बसल्याचे त्याला पैसे मिळतात. चांगले मिळतात.

रात्री साडेबाराच्या सामन्यासाठी दिवे मालवून, आवाज बारीक करून बसणाऱ्या आपल्याकडच्या निशाचरांना हे गृहस्थ घरातल्या माणसासारखे पाठ आहेत. वय चाळीस ते पंचावन्न. सूट इतका घट्ट की हात वर करून गोल साजरा करायची सोय नाही. पायांत पांढरेशुभ्र बूट, चिखलाशी संबंध संपल्याची खूण म्हणून. बसायची पद्धत मात्र अजून डगआउटमधली : गुडघे फाकलेले, कोपरं मांड्यांवर, नजर लांब कुठेतरी. शेजारी सूत्रसंचालक नसता तर उठून चौथ्या पंचाशी भांडायला गेले असते असं वाटावं.

बोलण्याची सुरुवात 'आमच्या वेळी' अशी होत नाही. ते म्हातारपणाचं लक्षण मानतात. सुरुवात होते 'ड्रेसिंग रूममध्ये' या शब्दांनी. ड्रेसिंग रूममध्ये असं चालत नाही, ड्रेसिंग रूममध्ये हे लगेच कळतं, ड्रेसिंग रूम हातातून गेली की मॅनेजर गेला. ऐकणाऱ्याने ड्रेसिंग रूम पाहिलेली नसते, त्यामुळे वाद संपतो. यातले रॉय कीन हे वेगळं घराणं. गोलकीपरने अंग झोकून चेंडू अडवला आणि बाकीचे वाहवा करू लागले की कीन कपाळाला आठ्या घालून विचारणार, मग काय, अडवायचेच पैसे मिळतात ना त्याला? पोस्टमनने पत्र टाकलं म्हणून टाळ्या वाजवता का? दाढी पांढरी झाली तरी मुद्रा अजून पिवळं कार्ड मिळाल्याचीच आहे.

पण साहेबांचं खरं रूप बघायचं तर सोमवारी रात्री, त्या भल्यामोठ्या टचस्क्रीनसमोर. एक बटण दाबलं, बावीस माणसं जागच्या जागी थिजली. मग साहेब लेफ्ट-बॅकच्या पायाखाली पिवळं वर्तुळ काढतात. सेंटर-बॅककडे एक बाण. दोघांच्या मधल्या जागेवर लाल पट्टा. 'इथे बघा. हा इथे हवा होता.' आणि एका बोटाने लेफ्ट-बॅकला उचलून सात-आठ यार्ड आत आणून ठेवतात. भोक बुजतं, गोल टळतो, आणि घरी बसलेल्या आपल्याला वाटतं, अरे, इतकं सोपं होतं तर त्या मूर्ख मॅनेजरला का सुचलं नाही?

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. बोटाने सरकवलेला लेफ्ट-बॅक निमूट सरकतो. त्याची मांडी आखडलेली नसते, त्याचा एजंट फोन करत नाही, बदली केल्यावर तो पाण्याची बाटली लाथाडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो स्पॅनिशमधून उलट उत्तर देत नाही.

मग कुठल्या तरी क्लबात मॅनेजरला नारळ मिळतो. क्लब साहेबांचा जुना असेल तर सोन्याहून पिवळं. सूत्रसंचालक मान जराशी कलती करून विचारतो, 'तुम्हाला विचारणा झाली तर?' साहेब आधी हसतात. मग शर्टाचा कफ कोटाच्या बाहीतून बाहेर ओढून सरळ करतात. मग म्हणतात, 'हे बघा, आत्ता तिथे एक माणूस आहे, त्याच्याबद्दल मला आदर आहे.' तिथे माणूस नसतोच, त्याला सकाळीच काढलेलं असतं. 'मी इथे खूश आहे. पण फुटबॉलमध्ये कधीच नाही म्हणू नये.' आपण चहा टाकायला उठतो, कारण पुढचं पाठ असतं : लायसन्सचे दोन टप्पे झालेत, तिसऱ्याचं बघतोय. युएफाचं प्रो लायसन्स हे आपल्याकडच्या अर्धवट राहिलेल्या एलएलबीसारखं आहे. पुरं झालं नाही तरी सांगायला उपयोगी पडतं.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. काहींना मात्र खरोखरच फोन येतो.

गॅरी नेव्हिल हा या पंथातला सगळ्यात हुशार माणूस. मँचेस्टर युनायटेडचा राइट-बॅक, इंग्लंडकडून ८५ सामने, आणि २०११ पासून स्काय स्पोर्ट्सवर. टचस्क्रीनला प्रतिष्ठा मिळवून दिली ती त्याने. त्याच्या बोटाला चूक सापडली नाही असा बचाव नव्हता. २ डिसेंबर २०१५ला व्हॅलेन्सियाने त्याला कोच केलं. मालक पीटर लिम, सिंगापूरचे धनाढ्य गृहस्थ, सॅलफर्ड सिटी या छोट्या क्लबात नेव्हिलचे भागीदार. धाकटा भाऊ फिल आधीच व्हॅलेन्सियाच्या कोचिंगमध्ये होता. म्हणजे ओळख होती, नातं होतं, फक्त स्पॅनिश येत नव्हतं.

पहिल्या नऊ लीग सामन्यांत एकही विजय नाही. ३ फेब्रुवारी २०१६ला कोपा देल रेच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध ७-०. सुआरेझचे चार, मेस्सीचे तीन. नेव्हिलचं बोट त्या रात्रीही शिवशिवलं असेल, पण कॅम्प नाऊवर बटण दाबून मेस्सीला थांबवायची सोय नाही. ३० मार्चला नारळ. एकूण २८ सामने, त्यातले १० जिंकले. लीगमधले १६, जिंकले ३. पुढच्या हंगामात साहेब परत स्कायवर, त्याच टचस्क्रीनसमोर.

पॉल स्कोल्स हा त्याचाच दोस्त. अबोल माणूस, टीव्हीवर मात्र तोंड उघडलं की युनायटेडवाल्यांची झोप उडायची. लहानपणापासून ओल्डहॅमचा भक्त, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये तिथलाच मॅनेजर झाला. पहिला सामना ४-१ असा जिंकला. पुढचे सहा जिंकले नाहीत. ३१ दिवसांत राजीनामा. आपल्याकडे एवढ्या दिवसांत गॅसचं कनेक्शनसुद्धा नव्या नावावर होत नाही.

थिएरी ऑन्रीची गोष्ट मला जास्त आवडते. स्कायवरचा अतिशय देखणा पंडित. ऑक्टोबर २०१८मध्ये मोनॅकोचा कोच झाला. कारकिर्दीची सुरुवात याच क्लबात झालेली. संघ तळाशी आणि खेळाडू जायबंदी. अशात एका पत्रकार परिषदेला शेजारी बनुआ बादियाशिल हा सतरा वर्षांचा पोरगा बसला होता. परिषद संपली, पोरगा उठला आणि चालू लागला. खुर्ची तशीच मागे राहिली. ऑन्रीने नुसतं बघितलं. शब्द नाही. पोराने वळून पाहिलं, परत आला आणि दोन्ही हातांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली. आपल्याकडच्या कुठल्याही हेडमास्तरला अभिमान वाटावा असा प्रसंग. शिस्त लागली, गुण मात्र मिळाले नाहीत. जानेवारी २०१९मध्ये ऑन्री बाहेर. चार महिनेही झाले नव्हते.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पुण्याकडे या.

नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या व्हेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. कोंबड्यांच्या धंद्यातलं बडं घराणं, आणि १९९५चा प्रीमियर लीग विजेता क्लब. पुणेकरांची छाती फुगली. पहिल्या दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. ज्या सामन्यात घसरला त्यात मैदानावर जिवंत कोंबडी सोडण्यात आली, अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळून. त्या दिवशीच्या खेळात तिच्याइतकं चपळ कोणी नव्हतं म्हणतात.

मग २०१२मध्ये मालकांनी जागतिक सल्लागार म्हणून आणले शेबी सिंग. हे नाव आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना आठवेल. मलेशियाचे माजी बचावपटू, आणि सिंगापूरच्या स्टुडिओतून ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सवर इंग्लिश फुटबॉलचा निकाल लावणारे पंडित. रोखठोक माणूस. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. आवाज अजून कानात आहे. आपल्याला ते पटायचे. मालकांनाही पटले असावेत. फरक इतकाच की आपल्याजवळ क्लब नव्हता.

त्याच सुमारास नॉर्वेत हेनिंग बर्ग टीव्हीवर बसत होता. १९९५च्या त्या विजेत्या संघातला बचावपटू. ब्लॅकबर्नची जागा रिकामी झाल्यावर त्याला नेहमीचा प्रश्न आला. बर्गने कफबिफ न ओढता सांगून टाकलं की स्वतःची काही पत असलेला मॅनेजर ही नोकरी पत्करणार नाही. इतकं स्वच्छ, इतकं अचूक विश्लेषण मी टीव्हीवर क्वचितच ऐकलं आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ला बर्गने ती नोकरी पत्करली. ५७ दिवसांनी काढला. सामने १०, विजय १. करार बाकी होता, त्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं आणि बर्गला साडेबावीस लाख पौंड मिळाले. विजयामागे किती पडले, ते वाचकांनीच काढावं. त्याच्यानंतर मायकेल अॅपलटन आला. ६७ दिवस टिकला. हाती पडलेल्या पत्रावर सही शेबी सिंग यांची. एका पंडिताचं भाकीत दुसऱ्या पंडिताच्या कारकिर्दीत खरं ठरलं, असं उदाहरण निदान माझ्या माहितीत दुसरं नाही.

या सगळ्यात प्रत्यक्ष डगआउटमध्ये उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं, ते एकदाच जाहीरपणे कळलं. सप्टेंबर २००३, रेक्याविक. जर्मनीने आइसलंडशी ०-० बरोबरी केली. स्टुडिओत गुंटर नेट्झर बसलेले. सत्तरच्या दशकातले लांब केसांचे जादूगार, कोच कधीच न झालेले. त्यांनी संघाची सालटी काढली. मुलाखतीला आलेला रुडी फॉलर, ज्याने वर्षभरापूर्वी याच संघाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेलं होतं, कॅमेऱ्यासमोर फुटला. तुमच्या काळचं फुटबॉल म्हणजे उभ्याउभ्याचं फुटबॉल, इथपासून सुरुवात झाली. समोरच्या मुलाखतकाराला त्याने सुनावलं की तुम्हाला काय, तीन बिअर रिचवून खुर्चीत आरामात बसलाय. मुलाखतकार वाल्डेमार हार्टमान शांत राहिले. त्यांना पुढे बिअरच्या जाहिरातीचं काम मिळालं. पंडितांच्या जगात शिव्याही वाया जात नाहीत.

तुम्ही म्हणाल, रवी शास्त्री? माइक खाली ठेवला, २०१७मध्ये भारताचा कोच झाला, ऑस्ट्रेलियात दोनदा मालिका जिंकली आणि परत येऊन माइक उचलला. कबूल. पण क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधार असतो. फुटबॉलमध्ये हरल्यावर बघायला दुसरं तोंडच नसतं.

शहाणे म्हणजे जे गेलेच नाहीत ते. अॅलन हॅन्सनने ऑगस्ट १९९५मध्ये 'मॅच ऑफ द डे'वर जाहीर केलं की पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. युनायटेडच्या त्या पोरांनी त्या हंगामात लीगही जिंकली आणि एफए कपही. नेव्हिल आणि स्कोल्स त्यातलेच. हॅन्सन मॅनेजर असता तर त्या एका वाक्यावर गेला असता. पंडित असल्यामुळे आणखी एकोणीस वर्षं बसला. गॅरी लिनेकरने डिसेंबर २०१५मध्ये लिहून टाकलं की लेस्टर लीग जिंकलं तर चड्डीवर कार्यक्रम करीन. लेस्टर जिंकलं. ऑगस्टमध्ये साहेब चड्डीवर बसले, आणि २०२५पर्यंत कार्यक्रम करत राहिले. डगआउटमध्ये अब्रू अशी सांगून, तारीख ठरवून जात नाही.

पण ऐकायचं कोणाचं, असं मला विचाराल तर मी अॅलन शियररचं नाव घेईन. प्रीमियर लीगमध्ये सर्वांत जास्त, २६० गोल. एप्रिल २००९मध्ये सोफ्यावरून उठून तो न्यूकॅसल वाचवायला गेला. आठ सामने, एक विजय, दोन बरोबऱ्या, पाच पराभव. क्लब खाली गेला आणि शियरर सोफ्यावर परत आला. जाण्यापूर्वी तो 'बचाव खराब होता' एवढं सांगून थांबायचा, इतकं तर आमच्या सोसायटीचा वॉचमनही सांगतो. परतल्यावर मात्र तो बचाव का खराब होता ते सांगू लागला, आणि हळूहळू बोलू लागला. नेव्हिलचंही तेच. हल्ली मॅनेजरला नावं ठेवण्यापूर्वी अर्धा क्षण थांबतो. तो अर्धा क्षण त्याने व्हॅलेन्सियाच्या खर्चाने मिळवला आहे.

तेव्हा आपल्या लाडक्या क्लबात जागा रिकामी झाली आणि पडद्यावरचे साहेब कफ सरळ करू लागले, तर चिडू नका. एकदा जाऊ द्या त्यांना. क्लबाचं व्हायचं ते होईल. साहेब चार महिन्यांत परत येतात, आणि पहिल्यापेक्षा बरे बोलतात.