लिंबूटिंबू

दादा आणि वहिनी लग्नाला साताऱ्याला गेले आणि सकाळी 9 पासून संध्याकाळी 7 पर्यंत त्यांची तीन मुलं माझ्या ताब्यात आली. थोरला 14 वर्षांचा, मधली 9 ची, शेंडेफळ 5 चं. "मुलं गुणी आहेत भाऊजी, फक्त गुंतवून ठेवा," वहिनी चपला घालता घालता म्हणाल्या.

एकेकाला गुंतवणं सोपं. तिघांना एकाच खेळात बसवणं म्हणजे एका मापाची चप्पल तिघांना घालणं. पत्ते काढले. पाच-तीन-दोन हा डाव तर तीन भावंडांसाठीच बेतलेला: 30 पानं, प्रत्येकाला 10. पण शेंडेफळाच्या मुठीत दहा पानं मावेनात. त्यातली चौकटची राणी तिला आवडली, म्हणून ती फ्रॉकच्या खिशात गेली. मधलीने हरकत घेतली. नऊ वर्षांच्या माणसाइतके नियम जगात कुणालाच पाठ नसतात. थोरला तोवर मोबाइलमध्ये शिरला होता.

ताराबाई मोदकांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. मोठी पोरं शाळेला यायची, तर घरी धाकट्यांना सांभाळायचं कुणी? म्हणून कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. पण ताराबाईंच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. माझ्या जोडीला कुरमुऱ्यांचा डबा होता, आणि तो साडेदहालाच संपला.

शेवटी लपाछपी. इथे आपल्या पूर्वजांनी एक सोय करून ठेवली आहे: लिंबूटिंबू. खेळात सगळीकडे असायचं, पण बाद व्हायचं नाही आणि राज्यही घ्यायचं नाही. (ज्याचे हाल, त्याच्यावर 'राज्य' आलं म्हणायचं, ही भाषेची समज मला फार आवडते.) शेंडेफळ अर्थातच लिंबूटिंबू. पण दुसऱ्याच डावात मी पलंगाखाली शिरलो आणि कंबरेने बाहेर यायला नकार दिला. दोघांनी पाय धरून ओढलं. मग कोपऱ्यात कुजबुज झाली आणि थोरल्याने निकाल सांगितला, "काका, तुम्ही लिंबूटिंबू."

"मग मी?" शेंडेफळाने विचारलं.

एका डावात दोन लिंबूटिंबू चालत नाहीत, असा नियम मधलीने जागच्या जागी केला. शेंडेफळाला बढती मिळाली. थोरल्याने मोबाइल फ्रिजवर ठेवला, कारण आता भिडू पुरेसे होते. आणि पुढच्याच डावात तिच्यावर राज्य आलं.

रडेल असं वाटलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून मोठ्या रुबाबात आकडे म्हणू लागली. अठ्ठावीस, एकोणतीस, वीसदहा, वीसअकरा. न्हाणीघरातून मधलीने "तीस!" अशी दुरुस्ती केली आणि आपली जागा सांगून टाकली. मी दिवाणखान्याच्या पडद्यामागे उभा होतो. पडदा गुडघ्यापर्यंतच होता.

पावलं जवळ आली. पडदा सरकला. "काका इस्टॉ—" एवढं म्हणून ती थांबली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लिंबूटिंबूला बाद करता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिने पडदा पुन्हा नीट ओढला, माझं पोट झाकलं जाईल असा, आणि न्हाणीघराकडे निघून गेली.