क्यूसी काका

सिडकोच्या प्रत्येक कॉलनीत एक क्यूसी काका असतात. वाळूज नाहीतर चितेगावच्या कारखान्यात उभी नोकरी क्यूसीत, म्हणजे माल तपासण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, तपासणी थांबली नाही. शेजारी स्पीकर घ्यायला निघालाय असं कळलं, की हे न बोलावता त्याच्या स्कूटरवर मागं बसलेले.

पैठण गेटच्या दुकानातला पोरगा खोक्यावर बोट ठेवतो : ५००० वॅट पीएमपीओ! काका खोक्याकडे ढुंकून बघत नाहीत. आधी स्पीकर तळहातावर तोलतात. "लोहचुंबक घातलंय का नुसती हवा?" मग ॲडॅप्टर मागवतात आणि चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचतात.

"१९ व्होल्ट, २ अँपिअर. गुणले की ३८ वॅट. आत जातात ३८, बाहेर पडतात ५०००. बाकीचे काय खुलताबादहून येतात?"

"काका, म्युझिक पे आते."

"अरे, घरातल्या ५ अँपिअरच्या सॉकेटमधूनच २३० व्होल्टवर साडेअकराशेच्या आसपास मिळतात! पीएमपीओला ठरलेलं मापच नाही. क्षणभराचा उच्चांक धरायचा, स्पीकरच्या संख्येनं गुणायचा, वर छापखान्याच्या हौसेनं एक शून्य. आरएमएस सांग, आरएमएस, सलग टिकणारे वॅट. आणि वॅट दहापट केले, तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट लागतो."

गिऱ्हाइकाला सगळं पटतं. मान डोलवत तो म्हणतो, "पण काका, लाइटी काय भारी आहेत!" आणि पैसे मोजतो.

काकांच्या स्वतःच्या घरी जुना ॲम्प्लिफायर आहे. आत तांब्याचा ट्रान्सफॉर्मर. हलवायचा तर दोन माणसं लागतात. काकूंच्या मते त्यावर गाणी कमी आणि मल्टिमीटर जास्त लागतो.

यंदा काकांच्या डोक्यावरच्या मजल्यावर भाडेकरू पोरं राहायला आली. गणपतीच्या तोंडावर त्यांनाही स्पीकर हवा होता. काका सोबत गेले. दुकानातल्या पोरानं त्यांना ओळखलं आणि मुकाट्यानं आधी ॲडॅप्टरच पुढे केला.

काकांनी तो बाजूला सारला. खोकं उचललं, दुकानभर ऐकू जाईल असं वाचलं, "५००० वॅट! पोरांनो, हाच घ्या."

"काका, आरएमएसवाला मोठा दाखवू?" पोरगा चाचरत म्हणाला.

"काही गरज नाही," काका म्हणाले. "एवढी मोठी कंपनी खोटं छापेल का?"