गळ, नाव आणि परवाना

पानिपतास चौदा जानेवारीला काला अंबच्या स्मारकापुढे मस्तक नमवून झाल्यावर एखाद्या महाराष्ट्रीय यात्रेकरूस यमुनेत भाड्याच्या नावेतून गळ टाकण्याची लहर आली, तर आकड्यास कणकेची गोळी लावण्यापूर्वी त्याने ध्यानी घ्यावे की, या पाण्यावर अंमल चालतो तो १९१४ साली पंजाबात झालेल्या मत्स्य कायद्याचा. १९६६ साली हरियाणा पंजाबातून विभक्त झाला, कायदा मात्र जुन्या घरजावयासारखा जागच्या जागी राहिला. आमच्या कोकणात १९८१ च्या कायद्यान्वये परवाना मागतात तो मासेमारी नौकेचा. येथे नावाडी, नाव आणि हौशी पाहुणा यांपैकी दस्तऐवज कोणी बाळगावा, याचा खल दफ्तरात चालू असेतो गळावरची कणीक विरघळून जावयाची. (मासा या प्रकरणी तिऱ्हाईत.) ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ हीच नदी फौजेसह ओलांडून आला, तेव्हा त्यास परवाना कोणी विचारला नाही, हे शल्य वेगळेच. असो. अर्ज लिहिण्यापूर्वी वाचकाने एकवार नदीकाठी जाऊन यावे: वर हथनीकुंडाच्या बंधाऱ्यापाशी बहुतेक पाणी कालव्यांत वळविले जात असल्याने, जानेवारीत पात्रात उरते ती वाळू आणि एक क्षीण ओघ.