काळीवर हिरवी सतरंजी : अंगणातले पाणी झाकण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुक्ताईनगर एदलाबाद होते तेव्हापासून इथल्या अंगणात पावसाळ्यात दोन गोष्टी ठरलेल्या आहेत : साचलेले पाणी आणि त्यात रुतून बसलेली एक चप्पल. यावर आता प्लास्टिकच्या गवताचा उपाय निघाला आहे. काम मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघण्याच्या सुमारास काढावे. पालखी परत येईपर्यंत निकाल हाती येतो.

आधी मातीची ओळख करून घ्यावी. काळी म्हणजे बेसॉल्टची झीज. तिच्यातले माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आक्रसते. मे महिन्यात अंगणाला अशा भेगा पडतात की हातातून निसटलेली किल्ली परत मिळायची आशा सोडावी. पहिला पाऊस माती या भेगांतून गटागटा पिते आणि मालक म्हणतो, ‘निचरा तर झकास आहे!’ चार पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे सगळे पाणी वरच थांबते. म्हणून गवत विकणाऱ्याला अंगण मे महिन्यातच दाखवावे. तोही त्याच महिन्यात येणे पसंत करतो.

आता अंगणात आहे ती हराळी काढावी. हे कृत्रिम गवत १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये अंथरले गेले, कारण छताखाली खरे गवत जगेना. आपली अडचण नेमकी उलटी आहे. आपल्या अंगणाला छत नाही आणि हराळी काही केल्या मरत नाही. जो माणूस केळीच्या बागेत गवत मारायला फवारणीचे पैसे मोजतो, तोच घरी गवत बसवायला चौरस फुटाच्या भावाने पैसे मोजतो. हिशेबाच्या वहीत या दोन नोंदी समोरासमोर येऊ देऊ नयेत.

मग खोदाई. १००० चौरस फुटांचे अंगण सहा इंच खोदले की ५ ब्रास काळी निघते. ती कुठे टाकायची यावर घरात एकमत होत नाही, त्यामुळे पावसाळाभर ढीग फाटकाशीच राहतो. खड्ड्यात जिओटेक्सटाइलचे कापड अंथरावे, वर खडी भरावी, त्यावर बारीक कच दाबून बसवावी आणि शेवटी गवताचा गालिचा पसरावा. गालिच्याला खालून भोके असतात. विक्रेता त्यावर बाटलीभर पाणी ओततो, पाणी दिसेनासे होते आणि गिऱ्हाईक खिशात हात घालते.

पाणी गेले कुठे, हे मात्र त्या क्षणी विचारू नये. ते खडीत गेले. खडीखाली आणि चारही बाजूंनी काळीच आहे, म्हणजे आपण अंगणात टाकी बांधली. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अशा कामाला अनुदान मिळत असे, आपण ते स्वखर्चाने केले. श्रावणात गालिच्यावर पाय दिला की पचकन आवाज येतो आणि टाचेखालून पाणी वर येते. पाहुण्यांना सांगावे, ‘लॉनला नुकतंच पाणी मारलंय.’

हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. आपल्या टाकीला निदान एक असावा, एवढेच गवंड्याचे म्हणणे होते. खोदलेल्या तळाला १० फुटांमागे दोन इंच उतार द्यायचा, लेव्हलच्या नळीने तो तपासायचा, सखल कडेला भोकांचा पाइप खडीत टाकायचा आणि त्याचे तोंड गटारीत काढायचे. पण हे केले तर वर साधा मुरूम टाकला तरी अंगण कोरडे राहते आणि गालिच्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे गवंड्याला काम संपल्यावरच बोलवावे.

पहिला पावसाळा निघाला की माती पुन्हा आक्रसते. गालिच्याला मधे पोक येते आणि सांधे उकलतात. त्या फटीतून पहिली हराळी डोके काढते. ती उपटू नये. प्लास्टिकपेक्षा तिचा रंग चांगला दिसतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. पारा ४५च्या पुढे गेला की उन्हातले प्लास्टिक साठी सहज ओलांडते. तेव्हा अनवाणी फिरू नये. थंडाव्यासाठी पाणी शिंपडता येते, म्हणजे निचऱ्यासाठी आणलेल्या गवतावर भर मे महिन्यात आपण बादल्या ओततो. सडा आणि रांगोळी विसरावी, रांगोळी पात्यांच्या बुडाशी जाऊन बसते. वाळवण मात्र थांबत नाही. शेजारच्या काकू पाट्या घेऊन येतात, गालिच्याकडे बघतात आणि विचारतात, ‘हे काय करून ठेवलं भाऊ? आता बिबडे कुठं टाकू?’ जुने पातळ अंथरून टाकावेत, लवकर वाळतात. एवढा एक फायदा कंपनीच्या पत्रकात छापायचा राहून गेला आहे.

एवढे करूनही पाणी हटले नाही, तर गवंड्याला गुपचूप बोलावून पाइप टाकून घ्यावा. गल्लीत गटार नसेल, तर ते पाणी शेजाऱ्याच्या अंगणात उतरेल. तो तक्रार घेऊन आला की चहा द्यावा, गालिचा दाखवावा आणि आपल्या ठेकेदाराचा नंबर द्यावा. नवे गिऱ्हाईक आणून दिले की उकललेले सांधे तो फुकट चिकटवून देतो.